परगावच्या भिडूंसाठी पट

सोंगट्यांचा डाव मांडायला पूर्वी फारसे काही लागत नसे. एक कापडी पट, सोळा सोंगट्या, मूठभर कवड्या आणि जेवणानंतरची दुपार. भिडू समोरासमोर बसलेले असत. दान सर्वांच्या डोळ्यांदेखत पडे. कोणी हळूच सोंगटी एक घर पुढे सरकवली, तर हात धरायला तीन माणसे टपलेली असत. पाळी कोणाची, हे विचारावे लागत नसे. डाव अर्धा टाकून उठायचे झाले, तर पटावर पाय देऊ नका असे मुलांना दटावले की काम भागे. माणसे एकत्र बसली होती म्हणून ही सारी कामे आपोआप होत होती. तीच माणसे चार गावांना पांगली आणि तरी त्यांना एकच पट हवा झाला, की ही आपोआप होणारी कामे एकेक करून संगणकाला सांगावी लागतात. ती सांगण्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत, एवढाच आजचा विषय.

विषय सुचला तो एका तरुणामुळे. आजी साताऱ्याला, आई पुण्यात, बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला आणि हा स्वतः नोकरीनिमित्त बंगळूरला. चौघांना मिळून लूडो खेळता यावा, म्हणून त्याने स्वतःच खेळ बांधायला घेतला होता.

"तयार खेळ आहेत की रे," मी म्हटले.

आणि ते आहेतच. लूडो म्हणजे आपल्याच पचीसीचा इंग्रजी अवतार. 1896 साली इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले गेले. 2016 साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने काढलेला 'लूडो किंग' तर 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. पण या मुलाच्या आजीचे नियम तिच्या माहेरचे. एका घरात जोडीने बसलेल्या सोंगट्या मारता येत नाहीत, आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली सोंगटी पिकत नाही. तयार खेळ आपल्या नियमांनी चालतो आणि आजी तिच्या. दोघांतले कोण बदलेल, हे सांगायला नको.

"मग अडलं कुठं?"

"हत्यारंच ठरत नाहीत," तो म्हणाला आणि त्याने मोबाइलवर एक यादी दाखवली. तीत भाषा, ग्रंथालये, इंजिने, डेटाबेस अशी वीस-पंचवीस नावे होती. चार महिन्यांत त्याने तीन भाषांत तीन वेळा आरंभ केला होता. पटाचे चित्र तीनदा काढून झाले होते, आणि फासा एकदाही पडला नव्हता. आजीचे वय ब्याऐंशी. तिच्या हिशेबात चार महिने हा काही थोडा काळ नव्हे.

ही चूक त्याच्या एकट्याची नाही. या धंद्यात आलेला जवळजवळ प्रत्येक जण ती करतो. सुताराला जाऊन तुम्ही विचारलेत, "पटाशी चांगली की रंधा?" तर तो विचारील, "करायचं काय आहे?" प्रोग्रॅम लिहिणारे मात्र आपसांत हा पटाशी-रंध्याचा वाद वर्षानुवर्षे घालतात. तेव्हा आपण सुताराच्या वाटेने जाऊ आणि काम काय आहे ते आधी पाहू.

पहिली गोष्ट घाईची. पटावरच्या खेळाला घाई किती? मोर्सची तारायंत्राची वाट वॉशिंग्टन ते बाल्टिमोर 1844 साली सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिच्यावरून बुद्धिबळाचे डाव खेळले गेले. तारेवरून पट पाठवायचा नव्हता, मोहरीही पाठवायची नव्हती. पट दोन्हीकडे मांडलेला होता. चौसष्ट घरांपैकी कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढाच निरोप जायचा होता, आणि तेवढ्याला कडकट्ट पुरे होते. आजही त्यात तसूभर फरक पडलेला नाही. 'तिसरी सोंगटी, पाच घरे' हा निरोप किती मोठा? पोस्टकार्डाचा कोपराही भरणार नाही.

उलट, धावण्याचे आणि गोळीबाराचे जे खेळ मुले खेळतात, त्यांत कोण कुठे आहे हे सेकंदाला वीस-तीस, कधी साठ वेळा कळवावे लागते. तिथे पळभराचा उशीर म्हणजे हार. अशा खेळांसाठी युनिटी, अनरिअल, गोडो ही मोठी इंजिने आहेत. पडणारा दगड, लवणारे गवत, भिंतीवरची सावली हे सारे ती हिशेबाने काढतात. लूडोच्या पटावर गवत लवत नाही. पंधरा आडवी नि पंधरा उभी घरे आणि सोळा सोंगट्या! एवढे चित्र काढायला तुमच्या मोबाइलातला ब्राउझरच समर्थ आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि रेषाचित्रांसाठी एसव्हीजी, एवढ्यात भागते. शिवाय आजीला काही बसवून घ्यावे लागत नाही. एक दुवा पाठवायचा, तिने बोट लावायचे, की पट पुढ्यात. फासा घरंगळताना त्यावर उजेड चमकायलाच हवा, असा तुमचा हट्ट असेल तर इंजिन जरूर घ्या. पण मग तो हट्ट आहे, गरज नव्हे, हे मनाशी कबूल करा.

हत्यार निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ते कोणाच्या मालकीचे आहे आणि किती दिवस टिकेल? एके काळी इंटरनेटवरचे असंख्य लहानमोठे खेळ फ्लॅश या साधनात बांधलेले असत. त्याच्या मालकीण कंपनीने, म्हणजे अडोबीने, 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार काढून घेतला, आणि जानेवारी 2021 पासून ब्राउझरमधले ते खेळ उघडेनासे झाले. खेळांचे नियम शाबूत होते, खेळणारेही होते. फक्त पट ज्या चौरंगावर मांडला होता तो चौरंग कोणी तरी उचलून नेला. युनिटीचेच पाहा. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने जाहीर केले, की ठरावीक मर्यादेपुढे खेळ जितक्या यंत्रांवर बसवला जाईल तितका आकार द्यावा लागेल. त्यावर एवढा गहजब झाला, की वर्षभराने, सप्टेंबर 2024 मध्ये, तो बेत रद्द करावा लागला. तो रद्द झाला खरा, पण मधले वर्ष ज्यांनी काळजीत काढले, त्यांना हत्यार भाड्याचे आहे की घरचे हा प्रश्न नीट समजला. गोडो हे इंजिन 2014 पासून खुले आहे; त्याच्या अटी तुमच्या पाठीमागे कोणी बदलू शकत नाही. आणि साध्या एचटीएमएलची पंचवीस वर्षांपूर्वीची पाने आजही उघडतात. माझे मत विचाराल तर घरच्या खेळाला घरचे हत्यार.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. समोरासमोर बसलेल्या भिडूंचे डोळे हेच पंचाचे काम करत होते. भिडू पांगल्यावर पंच कोण?

नवशिका माणूस इथे हमखास चुकतो. तो प्रत्येकाच्या मोबाइलातच फासा टाकतो आणि मोबाइलाने सांगितलेले दान इतरांना कळवतो. म्हणजे पडद्याआड जाऊन दान टाकायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "सहा पडले हो!" ब्राउझरमध्ये चाललेला प्रोग्रॅम ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला उघडून पाहता येतो आणि हवा तसा वाकवताही येतो. त्यासाठी कोणी मोठा गुन्हेगार असावा लागत नाही. बारावीतला पुतण्या पुरतो. म्हणून दान टाकायचे ते सर्व्हरवर, म्हणजे सर्वांपासून सारख्याच दूर असलेल्या त्या एका संगणकावर. चाल कायदेशीर आहे की नाही हेही त्यानेच ठरवायचे आणि घड्याळही त्यानेच पाहायचे. भिडूच्या मोबाइलाने फक्त विनंती करायची, "मला ही सोंगटी हलवायची आहे." हलवली की नाही ते पंच सांगेल.

गुपिते असलेल्या खेळात आणखी जपावे लागते. ज्याला जे दिसायला हवे तेवढेच त्याच्याकडे पाठवायचे. सगळ्यांची पाने सगळ्यांना पाठवून वर पडद्यावर ती झाकून ठेवणे म्हणजे झाकण नसलेल्या डब्यावर रुमाल टाकण्यासारखे आहे.

सर्व्हरवर दान टाकले म्हणजे सगळे झाले असेही नाही. 1999 साली पोकर या पत्त्यांच्या खेळाची एक मोठी शिकवणूक मिळाली. इंटरनेटवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकरचा एक प्रोग्रॅम होता. आपण पत्ते किती प्रामाणिकपणे पिसतो हे लोकांना दिसावे, म्हणून त्याच्या कर्त्यांनी पिसण्याची रीत उघड छापली. हेतू चांगला. काही तज्ज्ञांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. बावन्न पत्ते जितक्या रीतींनी लागू शकतात तो आकडा अडुसष्ट अंकी आहे. पण या प्रोग्रॅमची पिसणी सुरू होई ती मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले त्या आकड्यावरून, आणि अख्ख्या दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. म्हणजे अडुसष्ट अंकी समुद्रातून हा प्रोग्रॅम एवढेच घोट घेऊ शकत होता. त्यातून सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले, की शक्यता उरत सुमारे दोन लाख. हातातली दोन आणि पटावर उघडलेली तीन पाने पाहून बाकीची सारी पाने साधा संगणक हां हां म्हणता सांगे.

घरच्या लूडोत कोणी एवढा खटाटोप करणार नाही, हे कबूल. पण चांगली यादृच्छिक संख्या देणारी सोय आज प्रत्येक प्रमुख भाषेत फुकट असते. कुलूपबंद निरोपांसाठी जी वापरतात तीच घ्यावी. भाषा निवडताना या सोयीचे नाव आधी शोधून ठेवा.

पंच नेमला, आता त्याला नियम शिकवायचे. इथे हत्यारापेक्षा मांडणीला महत्त्व आहे. 2010 साली फ्रान्समध्ये 'बोर्ड गेम अरिना' नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर आज हजारावर खेळ आहेत. तिथे नवा खेळ बसवणाऱ्याला एक शिस्त पाळावी लागते. खेळ कोणकोणत्या अवस्थांत असू शकतो, ते त्याने मांडून द्यायचे असते. लूडोपुरते बोलायचे तर 'दान टाकायचे आहे', 'सोंगटी निवडायची आहे', 'सोंगटी मारली, जास्तीचे दान मिळाले', 'डाव संपला'. प्रत्येक अवस्थेत कोणाला काय करण्याची मुभा आहे आणि त्यातून कोणत्या अवस्थेत जायचे, हे ठरले की अर्धा खेळ झाला. कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही हे आजच करू शकता. या तरुणाला मी तेच करायला लावले. तेव्हा त्याला उमगले, की जोडीतली एक सोंगटी पुढे गेली तर मागची मारता येते की नाही, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. आजीला फोन लावावा लागला. कोणतीही भाषा निवडली असती तरी हा फोन चुकला नसता.

त्या संकेतस्थळाने नियमांसाठी निवडली ती पीएचपी ही भाषा आणि पट लक्षात ठेवायला मायएसक्यूएल. ही नावे ऐकून आजचे तरुण नाक मुरडतात. भिडूच्या बाजूला त्यांनी डोजो नावाचे ग्रंथालय घेतले होते, ते पुढे पार मागे पडले. पण नियम सर्व्हरवर वेगळे ठेवलेले असले, म्हणजे पुढचा रंगरंगोटीचा भाग केव्हाही खरवडून नवा देता येतो. 1992 साली इंटरनेटवरचा पहिला बुद्धिबळाचा सर्व्हर सुरू झाला, तेव्हा त्याला चित्र असे नव्हतेच. टेलनेटने जोडून घ्यायचे, की अक्षरांनी काढलेला पट पडद्यावर उमटे. पुढे लोकांनी आपापल्या यंत्रांसाठी चित्रांचे पट केले, आणि ते सारे त्याच सर्व्हरशी बोलू लागले. आत पंच एकच, बाहेर तोंडे अनेक. एवढी एक मांडणी सांभाळलीत, तर हत्यारांच्या निवडीतली चूक जिवावर बेतत नाही. ती न सांभाळता, बटणाच्या चित्रातच 'सहा पडल्यास सोंगटी बाहेर' असा नियम लिहून ठेवलात, की हत्यार बदलताना खेळच पुन्हा लिहावा लागतो. आमच्या तरुणाने तो तीनदा लिहिला होता, हे वर आलेच आहे.

याच शिस्तीची तयार हत्यारेही मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये 'बोर्डगेम डॉट आयओ' हे खुले ग्रंथालय आहे. त्यात चाल म्हणजे 'आधीचा पट द्या, नंतरचा पट घ्या' असा एक छोटा हिशेब असतो, आणि कोणाला काय दिसावे हे गाळण्याची सोयही असते. 'कोलिसियस' म्हणून दुसरे आहे. ते भिडूंच्या खोल्या सांभाळते. ज्याला पाया घालण्यात वेळ घालवायचा नाही, त्याने यांतले एक अवश्य घ्यावे. मात्र नियमांची फाइल तिथेही वेगळी ठेवावी.

आता आठवणीविषयी. जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे आणि खतावणीत प्रत्येकाच्या नावावर आज शिल्लक किती ते काढायचे. खतावणी हरवली तर रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते. उलट मात्र करता येत नाही. पटाचेही तसेच आहे. आज कोणती सोंगटी कुठे, ही खतावणी. कोणी कोणते दान टाकले आणि काय हलवले, ही रोजकीर्द. बरेच जण फक्त खतावणी ठेवतात आणि मग "माझी सोंगटी इथे नव्हतीच" असे कोणी म्हटले, की त्यांच्यापाशी उत्तर नसते. प्रत्येक दान आणि प्रत्येक चाल क्रमांक घालून लिहून ठेवा. चार भिडूंच्या घरगुती खेळाला एसक्यूलाइट पुरते, कारण तिची सारी वही एकाच फाइलीत मावते. रोज हजारो डाव होऊ लागले तर पोस्टग्रेस घ्या. दोन्ही फुकट, दोन्ही खुली आणि दोन्ही जुनी. वह्यांच्या बाबतीत जुने असणे हा गुण आहे.

क्रमांकावरून एक आठवले. जून 2017 मध्ये 'चेस डॉट कॉम' या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचे डाव जुन्या आयपॅडांवर एकाएकी चालेनात. कारण काय? प्रत्येक डावाला क्रमांक असे, आणि डावांची संख्या 2,14,74,83,647 च्या पुढे गेली. त्या जुन्या 32 बिटी यंत्रांत आकडा ठेवायची जी डबी वापरली होती, तीत याहून मोठा आकडा मावतच नाही. तुमच्या घरी दोनशे कोटी डाव व्हायचे नाहीत, हे खरे. पण डबी मोठी घ्यायला जास्तीचा एक पैसाही पडत नाही.

राहता राहिला निरोप्या. चाल पंचाकडे पोचते कशी आणि इतरांना कळते कशी? जुनी रीत अशी, की प्रत्येक मोबाइलाने दर दोन-तीन सेकंदांनी सर्व्हरला विचारायचे, "काही नवीन?" पोस्टमनला दर वेळी जाऊन विचारावे तसे. डिसेंबर 2011 मध्ये वेबसॉकेट या रीतीचे प्रमाण ठरले. तीत एकदा जोडलेली तार जोडलेलीच राहते, आणि दोन्ही बाजू हवे तेव्हा बोलू शकतात. फासा इकडे पडला की तिकडे दिसावा, असे वाटत असेल तर वेबसॉकेट घ्या. आजच्या सर्व प्रमुख भाषांत ती सोय आहे.

पण तार तुटणार, हे धरूनच चाला. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाटातले बोगदे लागले, की मोबाइल मुका होतो. तेवढ्यात दोन चाली होऊन गेलेल्या असतात. बोगद्याबाहेर आल्यावर मोबाइलाने एवढेच म्हणायचे, "मला 41 व्या चालीपर्यंत ठाऊक आहे." पंचाने रोजकीर्दीतून पुढच्या चाली काढून द्यायच्या. रोजकीर्द ठेवली असेल तर हे काम दहा ओळींचे आहे. नसेल तर मोठी आफत. तसेच, निरोप पोचला की नाही हे न कळून भिडू दुसऱ्यांदा बोट लावतो. चालीबरोबर क्रमांक असला, की पंच म्हणतो, "ही चाल झाली आहे." नसला तर सोंगटी दोनदा चालते आणि घरात भांडण होते.

न्यू जर्सीच्या बहिणीने याहून मोठी अडचण उभी केली. तिकडचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. आजीची दुपार ती बहिणीची मध्यरात्र. तेव्हा रोजचा डाव एका बैठकीत होणे शक्यच नव्हते. आजीने चाल करायची, बहिणीने उठल्यावर पाहायचे, असा पत्राने चालणाऱ्या बुद्धिबळासारखा तो दोन-तीन दिवस चालणार. अशा डावाला सदैव जोडलेली तार हवीच असे नाही. पान उघडले की पट दिसला आणि "तुझी पाळी आली" असा एक निरोप मोबाइलावर गेला, की झाले. चार महिन्यांपैकी एक अख्खा महिना या मुलाने वेबसॉकेटची ग्रंथालये तोलण्यात घालवला होता! रविवारी रात्री साऱ्यांनी मिळून खेळायच्या डावासाठी ती तार पुढे जोडता येईल, असे आम्ही ठरवले.

आता भाषेचे. तुम्ही म्हणाल, आरंभी विचारलेला प्रश्न हा माणूस शेवटी आणतो आहे. खरे आहे, त्याची जागाच शेवटी आहे. फुकट आणि खुले असे 'लीचेस' हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ तिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2010 साली सुरू केले. त्याची पहिली आवृत्ती पीएचपीत होती. पुढे त्याने ते सारे स्कालात नव्याने लिहिले. आधी चालते केले, लोक आले, मग हत्यार बदलले. स्वीडनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेली अर्लांग ही भाषा आणि तिच्यावर उभी असलेली एलिक्सिर, या दोघींत प्रत्येक पटाला एकेक स्वतंत्र कारकून नेमता येतो. एक पट कोसळला तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. हजारो पट एका वेळी मांडायचे असतील, तर यांच्याइतकी सोयीची भाषा मला ठाऊक नाही. गो ही भाषाही चांगली. पायथन येत असेल तर पायथनही चालेल. चार माणसांच्या लूडोत भाषेचा वेग कोणालाही जाणवणार नाही.

तरी एकच सांगा म्हणाल, तर जावास्क्रिप्ट घ्या, आणि तिचे टाइपस्क्रिप्ट हे शिस्तीचे रूप घ्या. कारण साधे आहे. ब्राउझरला तीच भाषा समजते, आणि नोड हे साधन घेतले की सर्व्हरवरही तीच चालते. मग नियमांची फाइल एकदाच लिहायची. भिडूच्या मोबाइलात ती कोणती सोंगटी हलू शकते ते उजळून दाखवील आणि पंचाकडे तीच चाल तपासून पाहील. दोन भाषांत दोनदा लिहिलेले नियम आज ना उद्या एकमेकांशी भांडतात. पण तुम्हाला दुसरी एखादी भाषा हाताला बसलेली असेल, तर माझे ऐकू नका. हाताला बसलेली पटाशी सोडून नवी घ्यायला फारच मोठे कारण लागते.

आमच्या तरुणाने जावास्क्रिप्टच धरली, कारण ती त्याला येत होती. चार महिन्यांपूर्वीही येत होती. नियमांची फाइल दोन संध्याकाळी लिहून झाली. पट म्हणजे चौकोनांत रंगीत ठिपके, याहून जास्त काही नाही. तिसऱ्या आठवड्यात, रविवारी रात्री नऊला, चौघे आपापल्या गावी मोबाइल घेऊन बसले. अर्धा तास झाला तरी एकाचीही सोंगटी बाहेर पडेना. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही, आणि सहा काही कोणाला पडत नव्हते. बहीण म्हणाली, नशीब. आई म्हणाली, होतं असं कधी कधी. आजी म्हणाली, "फासा खोटा आहे तुझा."

त्याने रोजकीर्द उघडली. त्यात एक, दोन, तीन, चार, पाच होते, सहा नव्हते. नोडमध्ये दान काढायची जी सोय आहे, तिला पहिला आणि शेवटचा असे दोन आकडे द्यावे लागतात आणि ती शेवटचा आकडा वगळून आतला एक काढते. त्याने 1 आणि 6 दिले होते. सहाच्या जागी त्याने 7 लिहिले, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि आजीला म्हणाला, "आता टाक."